मूळ हरवलेला अनुवाद

अनुवादाच्या चर्चेत एक गोष्ट आपण सारेच गृहीत धरून चालतो. मूळ कृती थोरली आणि अनुवाद धाकटा. मूळ टिकणार आणि अनुवाद दर पिढीला शिळा होणार. पाठ्यपुस्तकांतून हे विधान वारंवार येते आणि त्याला साजेशी उदाहरणेही विपुल सापडतात. आम्हांला मात्र या विधानाला छेद देणारे एक ठसठशीत उदाहरण रुळांवर भेटले. ते म्हणजे भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ या वर्गाचे डिझेल इंजिन. इंजिनाचा इतिहास साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे. न मिळाल्यास एका दीर्घायुषी यंत्राची हकीकत तरी वाचकाच्या पदरी पडेल.

नाव अपरिचित वाटले तरी हे इंजिन वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत विजेच्या तारा नसलेल्या ब्रॉडगेज मार्गाने ज्याने प्रवास केला, त्याच्या गाडीपुढे बहुधा हेच होते. लांबट चौकोनी धड, एका टोकाजवळ चालकाची केबिन, तिच्यापुढे आखूड नाक, दोन्ही बाजूंना माणूस चालू शकेल अशी अरुंद पायवाट, आणि गाडी सुटताना छतातून वर उसळणारा काळा धूर. नावातील अक्षरांचा अर्थ सरळ आहे. डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल अशा दोन्ही गाड्यांना चालणारे, आणि २ हा त्या प्रकारातील दुसरा क्रमांक. कवितेसाठी याहून रुक्ष नाव शोधून सापडणार नाही.

या इंजिनाचे मूळ अमेरिकेतील. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा कारखाना होता. या कंपनीला जगभर ‘अल्को’ या आद्याक्षरी नावाने ओळखत. १९०१ मध्ये अनेक लहान कारखाने एकत्र येऊन ती स्थापन झाली आणि वाफेच्या युगातील काही अजस्र इंजिने तिने घडवली. भारताने १९५७ पासून तिची डिझेल इंजिने घेतली, तो डब्ल्यूडीएम-१ वर्ग. परंतु केवळ विकत घेऊन भागणार नव्हते. कोळशावरचा भार कमी करायचा तर डिझेल इंजिन देशातच बनले पाहिजे, हे नियोजनकर्त्यांनी ओळखले होते. वाराणसीच्या कारखान्याची कोनशिला १९५६ मध्ये बसली होती. प्रश्न होता तो कोणते इंजिन बनवायचे हा.

१९६२ मध्ये दोन उमेदवार भारतात आले. एक अल्कोचे आणि दुसरे जनरल मोटर्सचे. दोन्ही २६०० अश्वशक्तीची. जनरल मोटर्सची ७२ इंजिने डब्ल्यूडीएम-४ या नावाने रुळांवर आली आणि तंत्रदृष्ट्या तीच अधिक पुढारलेली होती, असे जाणकारांचे मत आहे. १९६९ मध्ये हावडा ते नवी दिल्ली ही पहिली राजधानी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा तिच्या पुढेही डब्ल्यूडीएम-४ च होते. तरीही वाराणसीसाठी निवड झाली ती अल्कोची. रेल्वेच्या इतिहासात याचे जे कारण सर्वत्र दिले जाते ते असे की, जनरल मोटर्सची तंत्रज्ञान हस्तांतरित करण्याची तयारी नव्हती आणि अल्कोची होती.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे असे आम्हांला वाटते. एखाद्या भाषेत कोणत्या कृतीचा अनुवाद होतो, हे त्या कृतीच्या श्रेष्ठत्वावरून ठरते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अनुमती कोण देतो, प्रत हाती कोणती लागते आणि अनुवादकाच्या आवाक्यात काय आहे, यांवरून ते बरेचसे ठरते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या त्या इंग्रजीच्या वाटेने. भारतीय रेल्वेने त्या वेळी जे इंजिन ‘वाचायला’ मिळत होते त्यापेक्षा ज्याचे व्याकरण शिकायला मिळत होते ते निवडले. तो व्यवहारी निर्णय होता आणि पुढे चाळीस वर्षे देशाने त्याची फळे चाखली. त्याची किंमतही मोजली. तिच्याकडे पुढे येऊ.

वाराणसीत जुळवलेले पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. आरंभीची इंजिने अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची होती, म्हणजे जवळजवळ शब्दशः भाषांतर. हळूहळू एकेक भाग येथे घडू लागला. आणि मग, अनुवाद स्थिरावत असतानाच, १९६९ मध्ये मूळ संपले. अमेरिकेच्या बाजारात जनरल मोटर्सने अल्कोला कधीच मागे टाकले होते. त्यातच जी कंपनी अल्कोच्या इंजिनांना विजेची सामग्री पुरवीत असे, त्या जनरल इलेक्ट्रिकने स्वतःची इंजिने बाजारात आणली. सहकारीच प्रतिस्पर्धी झाला आणि स्केनेक्टडीत इंजिने घडणे थांबले. वाराणसीत मात्र डब्ल्यूडीएम-२ चे उत्पादन १९९८ च्या सुमारापर्यंत चालू राहिले. एकूण संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली. मूळ कंपनीच्या अंतानंतर जवळजवळ तीस वर्षे तिचे वाक्य दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी लिहिले जात होते.

मूळ हरवून अनुवाद उरल्याचे उदाहरण मराठी वाचकाला दूर शोधावे लागत नाही. गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत होती, आणि त्याची कथा सातवाहनांच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या पैठणशी, जोडलेली आहे. राजाने ग्रंथ अव्हेरला तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले आणि जाळले. सात लाख श्लोकांपैकी एक लाख तेवढे उरले, असे कथासरित्सागर सांगतो. ते उरलेलेही पैशाचीत आज आपल्यापाशी नाहीत. आपण जी बृहत्कथा जाणतो ती सोमदेवाच्या आणि क्षेमेंद्राच्या संस्कृतातून. काश्मीरमधल्या अकराव्या शतकातील पंडितांनी पैठणच्या कथा राखल्या. अशा वेळी अनुवादाला दुय्यम म्हणण्यात काय अर्थ उरतो? तुलना करायला मूळच नसते. अनुवादाच्या अंगावर जबाबदारी येऊन पडते. त्याला स्वतःच स्वतःचे मूळ व्हावे लागते.

आमच्या बालपणी हे काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आमचे आजोळ सातारा जिल्ह्यातले. पुणे-मिरज मार्ग १९७१ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि मुंबईहून कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस त्यावरून धावू लागली. मुंबईकडून येणारा विजेचा मार्ग पुण्यात संपे. तेथे विजेचे इंजिन काढून डिझेलचे लावीत, आणि तेवढ्या वेळात आम्ही फलाटावरून पुढच्या टोकापर्यंत चालत जात असू. सोबत मामा असले की हे चालणे म्हणजे शिकवणीच. मामा रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये फिटर होते. ते या इंजिनाला कधी इंजिन म्हणाले नाहीत. ते ‘अल्को’ म्हणत, आणि रेल्वेच्या रीतीप्रमाणे कधी नुसते ‘पॉवर’. अल्को ही एका बंद पडलेल्या परदेशी कंपनीची आद्याक्षरे आहेत याचे त्यांना काही वाटत नसे. त्यांच्या तोंडी तो शब्द ‘खिल्लार’ किंवा ‘जाफराबादी’ यांसारखा एका जातीचे नाव झाला होता.

त्यांनीच आम्हांला सांगितले की, यातले डिझेल इंजिन चाके फिरवीत नाही. ते जनित्र फिरवते, जनित्र वीज करते आणि ती वीज खाली सहा धुऱ्यांवरच्या सहा मोटारींना जाते. म्हणजे प्रत्येक अल्को हे स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारे विजेचे इंजिनच. चालकापुढे वेगाच्या आठ पायऱ्या, त्यांना ‘नॉच’ म्हणायचे. उभे असताना इंजिन मिनिटाला ४०० फेरे घेते आणि आठव्या नॉचला १०००. सुटताना काळा धूर का, तर तेल ताबडतोब वाढते पण हवा पुरवणारा टर्बो वेग घ्यायला क्षणभर लावतो. तोवर तेल अर्धवट जळते. हे सारे सांगून झाल्यावर ते एकदा गप्प झाले, मान तिरकी केली आणि म्हणाले, “ऐक नीट. सोळातला एक दम खातोय बघ.” आम्हांला एकसंध घरघर ऐकू येत होती. त्यांना सोळा सिलिंडर वेगवेगळे ऐकू येत होते.

हे ऐकणे म्हणजे एक प्रकारचे वाचन होते, असे आज आम्हांला वाटते. त्याचा ग्रंथ इंग्रजीत होता. देखभालीच्या जाडजूड पुस्तिका अमेरिकन इंग्रजीत आलेल्या, त्यांतील मापे इंचांत. मामांचे इंग्रजी त्या पुस्तिकांतील आकृत्यांपुढे जात नसे. परंतु शेडमध्ये त्या ग्रंथाची एक बोली तयार झाली होती. हेड ‘उतरवत’, लायनर ‘बसवत’, इंजिन ‘दम खाई’, कधी ‘रुसे’, कधी ‘पाणी पिई’, म्हणजे थंड ठेवणारे पाणी कुठे तरी झिरपू लागे. मराठी, हिंदी आणि मोडके इंग्रजी यांच्या या मिश्रणात प्रत्येक बिघाडाला नाव होते. जुने हात नव्या हातांना ते शिकवीत, आणि त्यातले फार थोडे कागदावर उतरले. आमच्या मते डब्ल्यूडीएम-२ चा खरा अनुवाद वाराणसीच्या आराखड्यांत जितका झाला, तितकाच या बोलीत झाला.

अनुवाद आणि रूपांतर यांतील भेद आपण वर्गात शिकवतो. आगरकरांचे ‘विकारविलसित’ आणि देवलांचे ‘झुंझारराव’ ही दोन्ही शेक्सपिअरच्या घरची, पण देवलांनी ऑथेल्लोला मराठी मातीत असा रुजवला की प्रेक्षकाला मूळ आठवण्याची गरज राहिली नाही. अल्कोचा प्रवास याच दिशेने झाला. आरंभीच्या निर्वात ब्रेकच्या जागी पुढे हवेच्या दाबाच्या ब्रेकची सोय आली. लखनौच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संस्थेने तेलाचा खर्च कमी करण्यासाठी टर्बो आणि इतर भागांत सुधारणा केल्या. त्याच सोळा सिलिंडरांतून १९९० च्या दशकात ३१०० आणि २००० नंतर ३३०० अश्वशक्ती काढली गेली. त्यांची नावे डब्ल्यूडीएम-३ए आणि ३डी. इंजिनाचे आयुष्य ३६ वर्षांचे धरलेले, त्याच्या मध्यावर ते पतियाळाच्या कारखान्यात जाई आणि तेथून नव्या अंगाने परत येई; पुष्कळ डब्ल्यूडीएम-२ अशी ३ए होऊन बाहेर पडली. १९९६ मध्ये याच घराण्यातील इंजिने वाराणसीहून श्रीलंकेला गेली आणि तेथे एम-८ या वर्गनामाने धावू लागली. अनुवादाचा अनुवाद झाला.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात एक गंमत दिसेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पुढच्यांनी घातलेली भर काढून, मुळाकडे जाण्यासाठी. पतियाळाचा संपादक याच्या नेमका उलट वागत होता. त्याला मुळाकडे जायचे नव्हते. मूळ कुठेच नव्हते. त्याच्या दृष्टीने सर्वांत अलीकडचा पाठ हाच सर्वांत शुद्ध. ग्रंथाची आणि अवजाराची परंपरा येथे वेगळी होते. ग्रंथाचा आदर तो न बदलण्यात असतो, आणि अवजाराचा आदर ते बदलत राहण्यात.

आता त्या किमतीविषयी. देशीपणाच्या चर्चेत आपण बहुधा दोन टोकांपैकी एक गाठतो. बाहेरून आलेले ते उसने, किंवा एकदा येथे रुजले की ते निखळ आपले आणि म्हणून टीकेपलीकडचे. अल्कोचा इतिहास दोन्ही टोकांना मानवणारा नाही. आपण ते आपलेसे केले हे खरे. पण जग पुढे गेले असताना आपण एकाच वाक्याची पुनर्रचना करीत राहिलो, हेही तितकेच खरे. १९९५ मध्ये भारतीय रेल्वेने पुन्हा करार केला तो जनरल मोटर्सशीच. या वेळी तंत्रज्ञान मिळाले, आणि १९९९ पासून आलेल्या ४००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ इंजिनांनी मधल्या तीन दशकांचे अंतर उघडे केले. २०१५ मध्ये बिहारमधील मढौऱ्याच्या कारखान्यासाठी करार झाला तो जनरल इलेक्ट्रिकशी. अल्कोला ज्या दोघांनी संपवले, ते दोघेही अखेर अल्कोच्या दुसऱ्या घरी येऊन पोहोचले.

आणखी एक किंमत अश्वशक्तीत मोजता येत नाही. उभे असतानाही हे इंजिन सहसा बंद करीत नसत, कारण ते पुन्हा सुरू होईल याची खात्री बॅटरी देत नसे. तासाला वीस-पंचवीस लिटर तेल नुसते उभे राहण्यात जाई. पुढे काही वर्षे नोकरीनिमित्त आम्ही कोकणात होतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुली झाली आणि पुढची चोवीस वर्षे त्या मार्गावर डिझेलचेच राज्य होते. एकेरी मार्ग, समोरच्या गाडीसाठी थांबणे नेहमीचे. पावसाळी रात्री आडवळणी स्थानकात गाडी थांबली की पावसाच्या आवाजाखाली तो संथ ठेका तासभर चालू असे. आम्हांला तो आवडे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आम्ही मागच्या डब्यात होतो, आणि पुस्तक मिटून तो ऐकण्याची चैन आम्हांला परवडत होती.

मामांना ती परवडली नाही. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांना ऐकू कमी येऊ लागले. आधी उंच स्वर गेले. पाखरे गेली, फोनची घंटी गेली. मग नातवंडांचे बोलणे. त्यांच्या उमेदीच्या काळात शेडमध्ये कानांवर काही घालून काम करण्याची रीत नव्हती, आणि घातले असते तर सोळातला कोणता सिलिंडर दम खातो हे कळले नसते. म्हणजे ज्या इंद्रियाने त्यांनी हा ग्रंथ वाचला, ते त्या ग्रंथानेच खाल्ले. त्याबद्दल कोणी त्यांना काही दिले नाही आणि त्यांनीही कधी मागितले नाही. एकदा आम्ही मोठ्याने विचारले, “मामा, राग नाही येत?” ते म्हणाले, “आता काय शांतच आहे की सगळं.” हे उत्तर विनोद म्हणून घ्यावे की कसे, याचा निर्णय आम्ही वाचकावर सोपवतो. यंत्राच्या आवाजावर लिहिलेल्या स्मरणरंजनपर लेखांत हा कान सहसा नसतो. म्हणून तो येथे नोंदवला.

कोकण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. देशभरातील ब्रॉडगेजचा ९८ टक्क्यांहून अधिक भाग आता तारांखाली आहे. धूर गेला, तेल वाचले, आणि हे चांगलेच झाले. याविषयी हळहळण्याचा अधिकार आम्ही तरी स्वतःकडे घेत नाही. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून २०२० मध्ये डिझेल हा शब्द गेला; तो आता बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाला. त्याआधी, २०१९ मध्ये, अल्को घराण्यातील दोन जुनी मालवाहू इंजिने घेऊन त्यांचे एक जोड विजेचे इंजिन तेथे करण्यात आले आणि पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. सोळा सिलिंडर उतरवले, खालचा सांगाडा राखला. वाराणसीत जुळवलेले पहिले डब्ल्यूडीएम-२, क्रमांक १८०४०, त्याचे नाव ‘कुंदन’, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ते पाहता येते. ऐकता येत नाही.

यंत्र संग्रहालयात ठेवता येते, आराखडे जपता येतात, वर्गांची आणि क्रमांकांची यादी उत्साही मंडळींनी आधीच नेटकी करून ठेवली आहे. शेडमधल्या त्या बोलीचा कोश मात्र कोणी केलेला आमच्या पाहण्यात नाही, आणि ती बोलणारे दरवर्षी कमी होत आहेत. वेगवेगळ्या शेडमध्ये तिचे वेगवेगळे पाठ असणार; एकाच बिघाडाला पुण्यात एक नाव आणि गुंतकलमध्ये दुसरे. हे काम अभियंत्यांचे नाही, भाषेच्या विद्यार्थ्यांचे आहे. एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी विषय विचारला की आम्ही हल्ली त्याला सांगतो: जवळच्या रेल्वे वसाहतीत जा, निवृत्त फिटर शोध, वही ने, आणि जरा मोठ्याने बोल.